एक दम

कागदपत्रांचा बस्ता बांधायची एक रीत असते. ती कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नाही, पण वऱ्हाडातल्या कुठल्याही कचेरीत जा, तीच दिसेल. आधी कागद थोपटून कडा सारख्या करायच्या. वर-खाली पुठ्ठा लावायचा. मग लाल खारव्याच्या चौकोनी फडक्याची समोरासमोरची टोकं ओढून घ्यायची. पहिली गाठ ढिलीच पडते. दुसरी मारण्याआधी बस्त्यावर गुडघा ठेवायचा, अंगाचा सगळा भार त्यावर द्यायचा, कागदांमधली हवा निघून जाऊ द्यायची आणि मग टोकं आवळायची. हवा निघताना ‘फुस्स’ असा बारीक आवाज येतो. तो आला की बस्ता बसला. मग वीस वर्षं कुणी उघडला नाही तरी आतला कागद हलत नाही.

ही रीत मला खुशालरावांनी दाखवली. ते आमच्या कचेरीचे रेकॉर्डकीपर. मूळचे पातूरचे, अंगानं जाडजूड, आणि एकवीस वर्षं रेकॉर्डच्या खोलीतच काढलेली. त्यांचा उजवा गुडघा धोतरावरूनही ओळखू यायचा, कारण तिथलं धोतर कायम खारव्याच्या रंगानं तांबूस झालेलं असे.

मी हेमचंद्र. अकोल्यात एका दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत रीडर होतो. साहेबांच्या डाव्या हाताला बसायचं आणि साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायचं, हे माझं काम. राहायला जठारपेठेत. वडील शाळामास्तर होते आणि त्यांना वऱ्हाडी बोलीचा मनापासून तिटकारा. घरात ‘मला’च्या जागी ‘मले’ असं तोंडातून गेलं की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची. आई मोलकरणीशी, भाजीवालीशी झकास वऱ्हाडी बोलायची, पण तेही मागच्या दारी. तेव्हा बोली मला पुरती कळत होती, फक्त जिभेवर येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला कळलंच नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

माझं मराठी शुद्ध, अक्षर मोत्यासारखं. माझ्या जबान्या वाचायला वकील मुद्दाम नकला मागवतात, असं मी चारचौघांत सांगायचो. खरं म्हणजे एकदाच एकानं मागवली होती.

ही गोष्ट १९५८ सालची. तेव्हा गुजरात आणि आपण एकाच राज्यात होतो आणि आमचे साहेब सुरतेकडून बदलून आलेले. माणूस सज्जन, पण साक्षीदारानं ‘का’च्या जागी ‘काहून’ म्हटलं की माझ्याकडे बघायचे. मी शुद्ध करून सांगितलं की मान हलवायचे. त्यामुळे वऱ्हाडी माणूस साहेबांपर्यंत पोचायचा तो माझ्या मराठीतून. मला याचा फार अभिमान होता.

एप्रिलच्या सुरुवातीला एका गुरुवारी बाजाराजवळच्या पोलीस चौकीत एक माणूस मेला. गोवर्धन त्याचं नाव. बाळापूरचा माळी. आठवड्यातून दोनदा झेंडू आणि वांगी घेऊन अकोल्याला यायचा. गांजा ओढायचा, हे त्याच्या बायकोनंही नाकारलं नाही. त्या दिवशी बाजारात काही बाचाबाची झाली, त्यानं कुणाची तरी पाटी उधळली आणि शिपायांनी त्याला चौकीत नेलं. अर्ध्या तासानं तो मेला होता.

कोठडीतलं मरण म्हणून आमच्या साहेबांकडे चौकशी आली.

शिपायांनी सांगितलं ते असं: तो गांज्याच्या तारेत होता, चार माणसांची ताकद त्याच्यात आली होती, आवरेना. म्हणून पालथा पाडला. हात मागे बांधण्यापुरता एकानं पाठीवर गुडघा ठेवला. मग तो शांत झाला. आम्हाला वाटलं, झोपला.

शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं की हृदय मोठं झालेलं होतं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताएवढा काळपट डाग आहे. डाग नवा की जुना, सांगता येत नाही. मरणाचं कारण त्यांनी राखून ठेवलं. चौकशीतल्या जबान्या वाचून मत देतो म्हणाले.

बाहेरचा साक्षीदार एकच. धर्मपाल नावाचा हमाल. त्याची सायकल चोरीला गेली होती, ती लिहून द्यायला तो त्याच वेळी चौकीच्या ओसरीवर बसला होता. उंच, हडकुळा माणूस. बोलताना साहेबांकडे न बघता माझ्या पेन्सिलीकडे बघत होता.

“पालथा पाडला व्हता जी त्याले. शिपाई वरतं बसला व्हता. थो मानूस म्हने, मले दम घेऊ द्या. दोनदा म्हने. मंग नाई म्हने.”

मी ते पेन्सिलीनं कच्च्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं. ही माझी पद्धत. कच्चं बोलीत, मग पक्कं शाईनं, शुद्ध मराठीत. पक्कं झालं की कच्चा कागद टोपलीत.

पक्कं करताना मी लिहिलं: ‘सदर इसम, “मला एक दम घेऊ द्या,” असे दोन वेळा म्हणाला व तदनंतर काही बोलला नाही.’

तो ‘एक’ कुठून आला? मी याचा नऊ वर्षं विचार केला आहे. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी चहा पाजला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून ‘गांजा, गांजा’ असंच कानावर पडत होतं, आणि ‘मला दम घेऊ द्या’ हे वाक्य मला कागदावर अर्धवट वाटलं. अडाणी माणसाचं तुटकं बोलणं पुरं करायची माझी खोड. हात आपोआप गेला आणि वाक्य नीट बसलं. साहेबांनी विचारलं, “दम म्हणजे?” मी चिलमीचा झुरका घेतल्यासारखी मूठ ओठांशी नेली. ते “अच्छा” म्हणाले.

धर्मपालला मी पक्कं वाचून दाखवलं. तो घुटमळला.

“असंच म्हनलं का म्या?”

“असंच.”

त्यानं अंगठा दिला.

डॉक्टरांनी जबानी वाचली आणि मत दिलं की अति गांज्यानं मेंदू व हृदय उत्तेजित होऊन मृत्यू. साहेबांनी निकालात एक वाक्य घातलं: ‘मृत्यूच्या क्षणीही त्यास गांज्याचीच ओढ लागलेली होती.’ साहेबांच्या इंग्रजीतून ते मराठीत आणताना मला चांगलं जमलं होतं. कुणाचाही दोष नाही असं ठरून प्रकरण बंद झालं, आणि मे महिन्याच्या एक तारखेला बस्ता रेकॉर्डच्या खोलीत गेला.

खुशालरावांनी त्यावर गुडघा ठेवला तेव्हा मी तिथेच उभा होतो. ‘फुस्स’ झालं. त्यांनी गाठ आवळली आणि बस्ता तिसऱ्या फळीवर सरकवला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला खोली उघडली तर त्या बस्त्याची गाठ सुटलेली होती. फडक्याची चारही टोकं चारी बाजूंना पडलेली, पुठ्ठा किंचित वर आलेला. बाकी सगळे बस्ते जागच्या जागी.

“उंदीर,” खुशालराव म्हणाले. त्यांनी पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी खारव्याचं टोक उजेडात धरून पाहिलं. कुरतडलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरून सुतळीचे दोन वेढे दिले, तिढा मारला आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधून घरी नेली. सकाळी सुतळी जमिनीवर पडलेली होती. तुटलेली नव्हे, सुटलेली. तिढ्याचे पीळ अजून तिच्यावर दिसत होते.

मी हसलो. म्हटलं, “खुशालराव, हात थकले तुमचे.”

त्यांनी बस्ता खाली घेतला, फडकं ओढलं, गुडघा ठेवला. भर दुपारचे बारा, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं, खोलीत ओल्या वाळ्याचा आणि जुन्या कागदांचा वास. ते भार देत होते आणि मी ‘फुस्स’ची वाट बघत होतो.

आवाज आला नाही. खुशालरावांचा गुडघा हळूच दोन बोटं वर आला आणि परत खाली गेला.

त्यांनी पाय काढून घेतला. कपाळ पुसलं नाही, घाम तसाच नाकावरून गळू दिला.

“साहेब, तुमी ठेवा बरं गुडघा.”

मी ठेवला. बुद्धिवादी माणूस, घाबरतो कशाला. कागद म्हणजे कागदच, कडक आणि थोडे उबदार. मेमध्ये अकोल्यात काय उबदार नसतं? मी भार दिला. मग माझ्या गुडघ्याखाली काहीतरी फुगलं. जोर फार नव्हता. पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला तर जेवढा वर येतो, तेवढाच. मी आणखी भार दिला, कारण काय करावं ते सुचेना. ते पुन्हा वर आलं, पहिल्याहून थोडं कमी. मग आलंच नाही.

मी झटकन उठलो. फळीला पाठ लागेपर्यंत मागे सरलो, हे मला आजही लिहायला लाज वाटते.

“मी नाई बांधत आता ह्याले,” खुशालराव म्हणाले. “उघडाच राहू द्या. कोनाचं काय जाते?”

बस्ता उघडाच राहिला. कागद हलले नाहीत, उडाले नाहीत. पडद्याची हवा लागली की वरचं पान तेवढं थोडं उचलायचं.

पुढच्या आठवड्यात गोवर्धनची बायको आली. पार्बताबाई. चाळिशीची, काळीसावळी, कपाळ मोकळं, हातांच्या भेगांत बागेची माती. तिच्या हातात केशवराव वकिलांनी लिहून दिलेला नकलेचा अर्ज होता. वरच्या कोर्टात फेरतपासणी मागायची मुदत महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होती. शनिवार होता तो.

“धर्मपालनं काय सांगतलं थे वाचून दाखवा बाबूजी,” ती म्हणाली. “वकीलसायब म्हनते, त्याच्यावरच सारं हाये. बजारात बाया म्हनून राह्यल्या, मरतानी बी गांजाच मांगे.”

मी वाचलं. ‘मला एक दम घेऊ द्या.’

“एक?”

“हो.”

“एक काहून?”

ती टेबलाजवळ आली.

“पेत व्हते आमच्या शकुनचा बाप, मी नाई म्हनत नाई. सोमवारी पेत, मठात बसून. थो दिवस गुरुवार व्हता. आन् बाबूजी, गांज्याले त्यायनं कधी दम म्हनलं नाई. बुटी म्हनत. दम म्हंजे दम. शेतातून आले का खाटेवर पडत, म्हनत, शकुन, पानी आन, दम घेऊ दे मले.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमी तं इकडलेच नं?”

“नक्कल परवा मिळेल,” मी म्हणालो.

ती गेल्यावर मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो. उघड्या बस्त्यात, शवचिकित्सेच्या कागदाखाली, माझा कच्चा कागद होता. तो तिथे असायला नको होता. टोपलीत टाकायच्या ऐवजी मी तो इतर कागदांत दाबून दिला होता, की कसं, मला आठवत नाही. पेन्सिलीनं स्वच्छ लिहिलेलं: ‘मले दम घेऊ द्या.’ ‘एक’ नव्हता.

मी तो घडी करून कोटाच्या वरच्या खिशात ठेवला. मग बसून पक्क्या जबानीची बरहुकूम नक्कल केली, ‘एक’सकट. नक्कल पक्क्याची द्यायची असते, कच्च्याची नव्हे. नियम तसाच आहे आणि मी तो स्वतःला दिवसभर सांगत होतो. खरं कारण वेगळं. कच्चा कागद बाहेर आला असता तर माझी नोकरी गेली असती, निदान माझं नाव गेलं असतं. शुद्ध मराठी लिहिणारे हेमचंद्रराव मेलेल्या माणसाच्या तोंडी आपला शब्द घालतात, हे जिल्हाभर झालं असतं. मी भित्रा होतो.

पार्बताबाई नक्कल घ्यायला आली. कागद हातात धरून तिनं विचारलं, “एक हाये का ह्याच्यात?”

“आहे.”

तिनं कागद पदरात बांधला आणि गेली.

त्या दिवशी खुशालरावांनी मला हाक मारली. “साहेब, पाहा. बस्ता बसला.” त्यांनी सहज म्हणून बांधून पाहिला होता. ‘फुस्स’ झालं, गाठ बसली, आणि त्यानंतर ती सुटली नाही. त्यांना वाटलं, पीडा गेली. ती कुठे गेली हे मला रविवारी कळलं.

रविवारी दुपारी जेवण करून मी वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. माझी बायको चारुशीला लसूण सोलत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं.

“तुमच्या कोटाच्या खिशात काय आहे हो?” ती म्हणाली.

“कागद. का?”

“हलतोय.”

खुंटीवरचा कोट वर होत होता आणि खाली येत होता. छातीपाशी. अगदी थोडा. चारुशीलानं उठून त्यावर हात ठेवला, जसा ती तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवील तसा. क्षणभर उभी राहिली.

“गरम आहे,” ती म्हणाली, आणि हात पदराला पुसला.

आठवडाभर त्या कोटाची वरची गुंडी टिकली नाही. चारुशीला लावायची, दोरा दुहेरी घ्यायची, संध्याकाळपर्यंत गुंडी गळून माझ्या मांडीवर. ती तक्रार करायची नाही. फक्त एकदा म्हणाली, “कचेरीत काही झालंय का? मला सांगा.” मी ‘काही नाही’ म्हटलं. तिच्याशीही खोटं बोललो.

तो कागद जाळावा असं माझ्या मनात तीनदा आलं. चूल तर घरातच होती.

शुक्रवार, तीस तारीख. सकाळी नऊची वेळ. मी चहा घेत होतो. चारुशीलानं कोट जमिनीवर घोंगडीवर पसरला आणि कोळशाची इस्त्री घेतली. खिसा रिकामा करा म्हणायचं ती विसरली, आणि मला सांगायचं सुचलं नाही. पितळी इस्त्री जड, तिनं ती खिशावर टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली.

इस्त्रीच्या खालून आवाज आला. शब्द नव्हते. तोंड जमिनीत दाबलेलं असताना माणूस बोलतो तसं काहीतरी.

मग पुन्हा एकदा.

मग नाही.

चारुशीलानं इस्त्री उचलली. “काही म्हणालात?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाची बशी खाली ठेवली. खिशातला कागद मी काढून पाहिला. त्याला डागही पडला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती बराच वेळ इस्त्रीतले कोळसे चिमट्यानं उगीचच हलवत राहिली.

“उद्या एकतीस ना?” ती म्हणाली. “मग आजच रजेचा अर्ज देऊन या.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. एकतीस तारखेला, कचेरी बंद व्हायच्या अर्धा तास आधी, केशवरावांनी अर्ज दाखल केला. सोबत माझा कच्चा कागद आणि माझं प्रतिज्ञापत्र. फेरचौकशी झाली. पक्क्या जबानीतला ‘एक’ तांबड्या शाईनं खोडला गेला आणि त्याच्याशेजारी मी सही केली. दोन नव्या डॉक्टरांनी कागद पाहिले. एक म्हणाला, पाठीवरच्या भारानं श्वास कोंडला. दुसरा म्हणाला, गांजा आणि मोठं झालेलं हृदय, भार निमित्तमात्र. दोघंही विद्वान, दोघांनी पानंच्या पानं लिहिली. शेवटी निकाल लागला की मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही. शिपाई सुटले, पण ‘गांज्याचीच ओढ’ हे वाक्य निकालातून काढलं गेलं. मला रीडरच्या जागेवरून हलवून अमरावतीला नकलांच्या शाखेत टाकलं, आणि मी अजून तिथेच आहे. तो माणूस कशानं मेला, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. तो काय म्हणाला, एवढंच मला ठाऊक आहे.

पण मला लिहायचं आहे ते बाळापूरचं.

शनिवारी पहिल्या मोटारीनं मी निघालो. किल्ल्याच्या खालून, नदीचं कोरडं पात्र ओलांडून, विचारत विचारत माळ्यांच्या मळ्यांकडे गेलो. आठ वाजले होते आणि ऊन डोक्यात शिरत होतं. पार्बताबाईचं घर म्हणजे एक कौलारू खोली, पुढे वांग्यांचे वाफे. तिची पोरगी शकुन विहिरीवर गेली होती. दारात बियांसाठी वाळत घातलेली झेंडूची फुलं होती.

मला बघून तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. तिनं आत बाज टाकली.

“बसा बाबूजी. उन्हातून आले. आंधी दम घ्या.”

तिनं हे सहज म्हटलं. घरी आलेल्या कुणालाही वऱ्हाडात असंच म्हणतात. मागच्या दारी आलेल्या भाजीवालीला माझी आई असंच म्हणायची. हजारदा ऐकलेलं वाक्य, आणि त्यात ‘एक’ कुठेच नव्हता. मला रडू आलं. मी बाजेच्या टोकाशी बसून, परक्या बाईसमोर, तोंड झाकून रडलो. तिनं पाण्याचा गडवा माझ्यापुढे ठेवला आणि रडणं संपायची वाट पाहिली.

मग मी कागद काढला आणि सगळं सांगितलं. अकराच्या मोटारीनं निघालो तर अर्ज आजच पडेल, मी स्वतः साक्ष देईन, हेही सांगितलं.

ती म्हणाली, “वाचा.”

मी वाचलं. “तो म्हणाला, मला दम घेऊ द्या.”

“असं नाई.”

मी कागदाकडे पाहिलं. तिथे ‘मले’ होतं. माझ्या जिभेनं आपोआप ‘मला’ केलं होतं. चाळीस वर्षांची सवय.

“थे म्हनले तसं म्हना. तुमच्या बोलीत नाई. त्यायच्या.”

बोटांची पेरं उगाचच दुखायला लागली. मी तोंड उघडलं, मिटलं. खोलीत माशी नव्हती, वारा नव्हता. वाफ्यांवरून येणारा ओल्या मातीचा वास तेवढा होता.

“मले,” मी म्हटलं. “मले दम घेऊ द्या.”

माझ्याजवळ कुणीतरी श्वास घेतला.

खोल, लांब, घशात खरखरत आत जाणारा. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. तो जात राहिला, जात राहिला. मी माझा श्वास रोखून धरला होता, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे की तो माझा नव्हता.

पार्बताबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत पुढे ओढला.

ती माठाकडे गेली. दुसरा गडवा भरला. माझ्याकडे न बघता तो बाजेच्या पलीकडच्या टोकाशी, जमिनीवर ठेवला, आणि दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकून उभी राहिली.

मी या टोकाला बसलो होतो. त्या टोकाची सुंभाची वीण हळूहळू खाली गेली.